निळ्या दोऱ्याची वांगी

फादर हिलरींनी लेकरू पुरलं, ही बातमी गावाला माझ्यामुळं मिळाली. पण मी दिली तेव्हा त्या बातमीतलं लेकरू जिवंत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आष्टीहून परतूरकडं जाताना उजव्या हाताला आमची वाडी लागते. गाव शेतकऱ्यांचं. एक बौद्ध वस्ती, आणि ओढ्याच्या अलीकडं आम्ही एकोणीस घरं कॅथलिक. रस्त्याला लागून चर्च, त्याच्या शेजारी फादरचा बंगला. बंगला म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रे, पण आत फादर राहतात म्हणून बंगला. रस्त्याच्या अलीकडं माझं सायकल पंक्चरचं दुकान. तिथून चर्चचं दार दिसतं, बंगल्याचं दार दिसतं आणि बंगल्यामागचं परसूही आडवं दिसतं. चर्चच्या रजिस्टरात माझं नाव लुकास आहे. गावात मच्छिंद्र.

फादरला स्वयंपाकाला बाई ठेवली तर लोक बोलतात, आणि माणूस ठेवला तर त्याला भाकरी येत नाही. म्हणून आमच्याकडं पाळी आहे. एकोणीस घरं, एकोणीस दिवस, मग पुन्हा पहिलं घर. डबा चर्चचा, एकच, तीन कप्प्यांचा, झाकणावर क्रूस कोरलेला. ज्या घराची पाळी, तिथली बाई अकरा वाजता भरलेला डबा माझ्या दुकानातल्या खिळ्याला अडकवते. मी तो बंगल्यावर देतो. जेवण झालं की फादर स्वतः येऊन रिकामा डबा खिळ्याला लावतात, आणि संध्याकाळी पुढच्या पाळीची बाई तो घेऊन जाते. डबा धुवायचा तिनं. म्हणजे कालच्या घरानं काय दिलं आणि फादरनं काय ठेवलं, हे रोज एका बाईला कळायचं. एका बाईला कळायचं म्हणजे किती जणांना, ते सांगत बसत नाही.

आधीचे फादर बोनिफास दिलदार माणूस, पण त्यांना वांगं चालत नव्हतं. चतुराबाईची भरली वांगी त्यांनी दोनदा परत पाठवली आणि तिच्याच जावेचं, गोजरबाईचं पिठलं बोटानं पुसून खाल्लं. दोघी जावा अडीच वर्षं बोलल्या नाहीत. मिस्सात, म्हणजे रविवारच्या उपासनेत, शेजारच्याला हात जोडून शांतीची खूण द्यायची वेळ आली की चतुराबाई उजवीकडच्या खांबाला हात जोडायची आणि गोजरबाई डावीकडच्या. खांबांशी दोघींचे संबंध चांगले होते. पुढं फादर बोनिफासांनी एकदा उरलेली भाजी कुत्र्याला घातली, आणि ती भाजी घंटा वाजवणाऱ्याच्या घरची निघाली. सहा आठवडे चर्चची घंटा वाजली नाही.

म्हणून पंच्याण्णवच्या जूनमध्ये नवे फादर एसटीतून उतरले, तेव्हा आमच्या साहेबराव मास्तरांनी त्यांची पेटी हातात घेण्याआधी तोंड उघडलं. मास्तर म्हणजे चर्चचे धर्मशिक्षक. प्रार्थना शिकवणारे, अर्ज लिहिणारे, सगळं तेच.

"फादर, एक विनंती हाये. डब्यात काही उरवू नका. आन् कुत्र्याला तर बिलकुल घालू नका."

"आपण निश्चिंत असा," फादर हिलरी म्हणाले.

ते मंगळूरकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले. लहानथोर सगळ्यांना आपण म्हणायचे. बंगल्यात कुणाची शेळी घुसली तर तिलाही "आपण बाहेर चला" म्हणायचे, आणि ती जायची.

तर मी काय करायचो, ते आता सांगायला पाहिजे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. खिळ्याला डबा असतो. मी तो उघडायचो आणि संध्याकाळी बाया न्यायला आल्या, की रेडिओवरच्या माणसाच्या आवाजात बातम्या द्यायचो.

"नमस्कार. ठळक बातम्या. येसरची आमटी संपली. एक भाकर बेपत्ता. शेंगदाण्याच्या चटणीची प्रकृती स्थिर."

बाया हसायच्या. साहेबराव मास्तर तोंड फिरवून हसायचे. फादर बोनिफासांच्या काळात रोज काहीतरी बातमी असायची. फादर हिलरी आले आणि डबा रिकामा यायला लागला. नुसता रिकामा नाही, धुवून, पुसून. एकोणीस घरं झाली, पुन्हा एकोणीस झाली. उरलंसुरलं काहीच नाही. गोजरबाई म्हणली, "माणूस हाये का देव?" चतुराबाई म्हणली, "माझी वांगी खाल्ली ना, मंग देवच." आणि दोघी एकाच वेळी हसल्या, आणि आपण बोललो हे लक्षात आल्यावर दोघींनी खांब शोधले, पण माझ्या दुकानात खांब नाही.

गाव सुखात होतं. माझ्याकडं मात्र बातमीच उरली नव्हती.

फादर संध्याकाळी कधी कधी दुकानात येऊन जुन्या टायरवर बसायचे. माझ्या बातम्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. रागावले नाहीत. एकदा म्हणाले, "मच्छिंद्रजी, आपला आवाज फार स्वच्छ आहे. झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन आपण कराल?"

ईस्टरच्या आदल्या रविवारचं ते वाचन लांबलचक असतं. निवेदकाचं मी वाचायचं, येशूचं फादरनं, आणि लोकांचं सगळ्यांनी मिळून. मी म्हणलं, "फादर, मी वाचलं तर लोक हसतील."

"मग लवकर जागे राहतील," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "ईस्टरपर्यंत मला इथे राहू द्यावं, एवढंच मी देवाजवळ मागतो आहे."

"राहा की. कोण काढून राह्यलंय तुम्हाला?"

त्यावर ते हसले. हसताना त्यांनी गळ्याला हात लावला. हे मला तेव्हा दिसलं होतं. मी त्याची बातमी केली नाही, कारण त्यात विनोद नव्हता.

नाताळानंतर फादर वाळायला लागले. झगा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. प्रवचन आधी चाळीस मिनिटं असायचं, ते वीसवर आलं, मग पाचवर. लोक खूश. कमिटीचा अध्यक्ष कडूबा, किराणा दुकानवाला, म्हणला, "आसा फादर मिळाया भाग्य लागतं." पण फेब्रुवारीत प्रवचन दीड मिनिटावर आलं, तेव्हा त्याच कडूबानं मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणला, "एवढी घाई कशाची? घरी कोण वाट बघून राह्यलंय?"

म्हणला तो. पण त्यानं नुसता प्रश्न विचारला होता. उत्तर मी दिलं.

त्या आठवड्यात चार गोष्टी मला माहीत होत्या. डबा रिकामा येतो. फादर वाळतात. फादर कडूबाकडून रोज दूध आणि ग्लुकोजची बिस्किटं घेतात. आणि परसातल्या दोरीवर रोज पांढरी फडकी वाळत असतात, हातभर लांबीची, सहा-सात. संध्याकाळी दुकानात चतुराबाई, गोजरबाई आणि मास्तर होते. मी आवाज लावला.

"नमस्कार. ठळक बातम्या. डबा रिकामा, फादर अर्धे. मग जेवतंय कोण? दूध, बिस्किटं आणि दोरीवर लंगोट. आमच्या वार्ताहराचा प्रश्न, बारशाला पेढे कुठले?"

गोजरबाई हसली. मास्तर तोंड फिरवून हसले. चतुराबाई हसली नाही. तिनं खिळ्यावरचा डबा काढला, झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं. चतुराबाई माझ्या विनोदाला हसली नाही, असं आधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कडूबाच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यांवरून फादरचं नाव निघालं. तिसऱ्या दिवशी ओढ्यावर कपडे धुताना एकीनं सांगितलं की तिनं बंगल्यात बाईची बांगडी वाजलेली ऐकली. चौथ्या दिवशी ती बाई शहागडची होती. पाचव्या दिवशी तिचा नवरा ट्रक चालवत होता. मी पंक्चर काढत होतो आणि माझ्या विनोदाला घरदार, गाव आणि ट्रक मिळत होता. मला मजा वाटत होती. खोटं कशाला सांगू?

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला राख लावली आणि घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "शुक्रवारी आपण मांस सोडतो. या वर्षी शुक्रवारी शेजाऱ्याचं नावही सोडू या. त्या दिवशी कुणाचं नाव घेऊन काही बोलायचं नाही."

आमच्याकडं मटण वर्षातून चारदा शिजतं, त्यामुळं मांस सोडणं आम्हाला जमतं. नावाचा नेमही लोकांनी मनापासून पाळला. शुक्रवारी फादरचं नाव कुणीच घेतलं नाही. सगळे बंगल्याकडं हनुवटी करायचे आणि पुढचं बोलायचे.

पहिल्याच शुक्रवारी गोजरबाई हनुवटी करून म्हणली, "सगळं खरं धरलं. पन लेकराच्या रडण्याचा आवाज कसा येत न्हाई?"

मी म्हणलं, "गुणी असंल."

मग मार्चमधली ती दुपार. अडीच वाजलेले, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सगळं गाव निजलेलं. मी टायरला ठिगळ लावत होतो आणि मान वर केली, तर परसातल्या लिंबाखाली फादर हिलरी खोदत होते. हातात लहान कुदळ. चार घाव घालायचे, थांबायचे, गळा धरायचा, पुन्हा चार. हातभर लांब, वीतभर रुंद खड्डा. मग त्यांनी आत जाऊन पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं. खड्ड्यात ठेवलं. माती लोटली. वर एक गोल दगड ठेवला. आणि क्रुसाची खूण केली.

तो दगड ठेवल्यावर मला दिसलं की तिथं आधीचे दगड होते. ओळीनं. मी मोजले नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही.

ठिगळ उलटं लागलं होतं.

ते लेकरू मी केलं होतं. माझ्या तोंडातून ते निघालं होतं, पेढ्यांच्या विनोदासाठी. तरी त्या दुपारी मला पहिला विचार आला तो हाच, की म्हणूनच रडत नव्हतं. माझ्याच विनोदावर विश्वास ठेवणारा गावातला शेवटचा माणूस मी होतो, पण ठेवला.

संध्याकाळी चतुराबाई डबा न्यायला आली. "मच्छिंद्र, तोंड काहून उतरलं?"

मी सांगितलं. रेडिओचा आवाज न लावता सांगितलं, हे मी मोठं पाप केलं. आवाज लावला असता तर कदाचित ती हसली असती.

ती खाली बसली. "किती दगडं म्हणला?"

"मोजले न्हाई, मावशी."

"एका बाईला एवढी लेकरं कशी?" गोजरबाई मागं उभी होती, ती म्हणली.

"जुळी असतील," मी म्हणलं. सवयीनं निघालं. त्यावर दोघी जावांनी एकमेकींचा हात धरला. अडीच वर्षांनी.

रात्रभर झोप नाही. सकाळी आधी चतुराबाईचं घर गाठलं. ती वांग्यांना चिरा पाडत होती. तिचा नवरा पुंजाराम शिंपी. शाळेच्या गणवेशासाठी आणलेला निळा दोरा त्याच्याकडं इतका उरला होता की चतुराबाई भरली वांगी त्या निळ्या दोऱ्यानं बांधायची. खाताना दोरा सोडवावा लागायचा. गावात दुसऱ्या कुणाची वांगी अशी नसत.

"मावशी, लेकराचं मी गमतीनं म्हणलो होतो. तसं काही नसंल."

तिनं दोऱ्याची गाठ दातानं तोडली. "तू गमतीनं म्हणला. पन खरं निघालं ना?"

"खरं कुठं निघालं?"

"मंग पुरलं काय त्यानं?"

मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की झावळ्यांच्या रविवारी मला वाचायचं आहे आणि ईस्टरपर्यंत त्या माणसाला इथं राहायचं आहे.

कमिटी बसली. पत्र साहेबराव मास्तरांनी लिहिलं, औरंगाबादच्या बिशपसाहेबांना. मास्तरांची भाषा सभ्य. पत्राची सुरुवात अशी: 'आम्ही आमच्या धर्मगुरूंबद्दल काहीही वाईट बोलत नाही, परंतु.' परंतुच्या पुढं तीन पानं होती. शेवटी, 'तरी सदर फादरांना ताबडतोब येथून हलवावे, ही प्रेमाची विनंती.' एकोणीस घरांच्या सह्या आणि अंगठे. आणि खाली एक जागा, प्रत्यक्ष पाहणाऱ्याची.

"तूच बघितलं," कडूबा म्हणला.

"मी खोदताना बघितलं. आत काय ते न्हाई बघितलं."

"मंग तेवढंच लिही. खोदताना बघितलं. खोटं कुठं हाये त्यात?"

खोटं कुठंच नव्हतं. मी सही केली. लुकास म्हणून केली, म्हणजे मच्छिंद्र त्यात नाही असं मला वाटावं म्हणून. गुरुवारी पत्र आष्टीच्या पोस्टात पडलं.

त्या दिवशी डबा आमच्या घरचा होता. फादर रिकामा डबा खिळ्याला लावायला आले. आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. "आपल्या मातोश्रींना सांगा, धपाटे उत्कृष्ट होते. आणि वाचनाचा सराव करता आहात ना?" मी हो म्हणलं. त्यांच्या नखांत काळी माती होती.

शनिवारी सकाळच्या गाडीनं फादर जालन्याला गेले. दर शनिवारी जायचे. कशाला, ते कुणी विचारलं नव्हतं. शहागड जालन्याहून लांब पडतं एवढा हिशेब मात्र लोकांनी केला होता. नऊ वाजता सरपंच रखमाजींचा निरोप आला. गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली होती. ते म्हणाले, "तुम्ही बघता का आष्टीहून पोलीस बोलवू?"

कडूबा कुदळ घेऊन आला. मागं कमिटी, बाया, मास्तर. मला पुढं घातलं, कारण जागा मला माहीत. लिंबाखाली आम्ही उभे राहिलो. दगड बावीस होते. ओळी इतक्या सरळ की शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी असावीत.

पहिला घाव पडला तेव्हा एकीनं जपमाळ सुरू केली. कडूबा हळूच माती बाजूला करत होता. हातभरही गेला नसेल, तोच पांढरं फडकं दिसलं. चतुराबाईनं हंबरडा फोडला. मास्तर गुडघ्यावर बसले आणि मेलेल्यांसाठीची प्रार्थना म्हणायला लागले. मला वाटलं आपण इथून पळावं, पण मागं सगळं गाव उभं होतं.

कडूबानं काठीनं फडक्याचं टोक उचललं.

आत भाकरी होती.

दोन भाकरी, चिकटलेल्या, कडेला बोटांचे ठसे. त्यात वाळून दगड झालेला पिठल्याचा गोळा. मग गोजरबाई वाकली. "ही भाकर माझी हाये," ती म्हणली. "कडंला चार बोटं मीच दाबते."

दुसरा खड्डा उकरला. भाकरी, भात, अंबाडीची भाजी. तिसऱ्यात धपाटे. मी माझ्या आईकडं बघितलं नाही. चौथ्या फडक्यात मातीनं माखलेली वांगी होती, आणि प्रत्येक वांग्याभोवती निळा दोरा. एकाचीही गाठ सोडलेली नव्हती.

आता सुटलो असं मला वाटलं. लेकरू नव्हतं. पण आमची माणसं काय आहेत हे मला अजून कळलेलं नव्हतं.

"म्हणजे माझी वांगी यानं पुरली?" चतुराबाई म्हणली. डोळ्यांचं पाणी अजून गालावर होतं. "माझी? जिती असताना?"

"पिठलंबी पुरलं," गोजरबाई म्हणली.

"सगळ्यांचं पुरलं! म्हणे उत्कृष्ट!" मागून माझी आई म्हणली.

लेकरापेक्षा हे मोठं झालं. मघापर्यंत रडणाऱ्या बाया आता आपापल्या भाकरी ओळखून पदरात घेत होत्या. कडूबा म्हणत होता, दुसरं पत्र लिहा, यातलं कलम वेगळं. त्या गोंधळात बाराची गाडी कधी थांबली, कळलंच नाही. मान वळवली तर फादर परसाच्या फाटकात उभे होते. हातात कापडी पिशवी, त्यातून एक्स-रेचं मोठं पाकीट वर आलेलं.

ते आले. उकरलेले खड्डे बघितले. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. त्यांनी मला खुणेनं बोलावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या कानात बोलले. मग लोकांकडं बोट केलं. म्हणजे मी सांगायचं.

आणि मी सांगितलं. माझ्या स्वच्छ आवाजात.

"फादर म्हणतात, आपल्या सर्वांची क्षमा मागतो." पुन्हा कानात. "गळ्यात गाठ आहे. जानेवारीपासून घास जड जातो, तीन आठवड्यांपासून तर उतरतच नाही. दूध आणि भिजवलेलं बिस्किट, एवढंच जातं." पुन्हा. "रक्त पडतं. फडकी त्याची." पुन्हा कानात, आणि या वेळी त्यांना थांबावं लागलं. "उरवू नका असं सांगितलं होतं. कुत्र्याला घालू नका असंही. आशीर्वाद दिलेलं अन्न फेकवत नाही. म्हणून पुरलं."

मास्तर अजून गुडघ्यावरच होते. आता ते उठू शकत नव्हते.

"फादर म्हणतात, बिशपसाहेबांना कळवलं नाही. कळलं की बोलावून घेतील, आणि इथं पाठवायला दुसरा कुणी नाही. ईस्टर झालं की औरंगाबादच्या दवाखान्यात जाऊन गाठीवर विजेचा शेक घेणार होतो."

फादर चतुराबाईसमोर गेले. माझा खांदा सोडला नाही, म्हणून मलाही जावं लागलं. ते कुजबुजले आणि मी म्हणलो, "चतुराबाई, आपली वांगी उत्तम होती. वासावरून सांगतो."

तिच्या पदरात ती मातीची वांगी होती. तिनं पदर सोडून दिला.

दुसरं पत्र त्याच दुपारी पेटीत टाकलं. मास्तरांनी लिहिलं, त्यात परंतु नव्हतं. पण शनिवारी पोस्ट दुपारपर्यंतच, म्हणजे ते सोमवारी निघणार, आणि पहिलं पत्र केव्हाच औरंगाबादला पोचलं होतं. पत्राला मागं बोलावता येत नाही. मी आष्टीला सायकलवर जाऊन पोस्टमास्तरला विचारून आलो. तो म्हणाला, "गेलं ते गेलं."

रविवारी शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन सगळे आले. एकोणीस घरांतलं एक माणूस मागं राहिलं नाही. मी वाचायला उभा राहिलो. येशूचं मास्तरांनी वाचलं. फादर वेदीशेजारी खुर्चीवर बसले होते. वाचत वाचत मी त्या जागेला आलो जिथं येशूचा न्याय करायला बसलेला राज्यपाल लोकांना विचारतो, मग याचं मी काय करू? आणि लोकांनी सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, त्याला क्रुसावर खिळा.

मी थांबलो. कुणी बोललं नाही.

पत्र्यावर कावळ्याचे पाय वाजत होते. कडूबा झावळीचं टोक कुरतडत होता. चतुराबाईनं पदर तोंडात धरला होता. दरवर्षी ही ओळ गाव इतक्या जोरात म्हणायचं की बौद्ध वस्तीतून लोक बघायला यायचे, काय झालं म्हणून. मी पुन्हा राज्यपालाचा प्रश्न वाचला. पुन्हा कुणी नाही. तिसऱ्यांदा वाचायला माझाच आवाज नव्हता.

तेव्हा खुर्चीतून ती ओळ आली. फादर हिलरींनी म्हणली. घोगरी, तुटकी, कशीबशी, पण शेवटपर्यंत. वाचन अडकलं होतं, ते पुढं जावं म्हणून. सगळ्या गावाचं वाक्य त्यांनी एकट्यानं म्हणलं, आणि मला पुढं वाचा अशी खूण केली.

चार दिवस चतुराबाई आणि गोजरबाईनं मिळून तांदळाची पेज करून दिली. बुधवारी औरंगाबादहून जीप आली. आलेल्या फादरांकडं पहिलं पत्र होतं. दुसरं अजून वाटेत होतं. आम्ही सगळे बोललो, एकाच वेळी, आणि ते म्हणाले, "असू द्या, त्यांना तसंही दवाखान्यात नेणं भाग आहे." ते खरंच होतं. पण फादर हिलरी ज्या पत्रानं गेले, ते आमचं होतं. जाताना त्यांनी डबा धुवून, पुसून खिळ्याला लावला. ईस्टरला आमच्याकडं मिस्सा झाली नाही. जूनमध्ये ते वारल्याचं मास्तरांनी घंटा वाजवून सांगितलं.

जुलैत नवे फादर आले. तरुण, धडधाकट. पाळी सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी डबा न धुता परत आणला. मी झाकण उघडलं नाही. हापशावर गेलो, आत न बघता, मान वळवून, डबा धुतला, पुसला आणि खिळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. बातम्या बंद. कुणी विचारलं तर म्हणायचो, "सगळं खाल्लं."

तिसऱ्या आठवड्यात चतुराबाई आणि गोजरबाई मिळून आल्या. आता त्या सगळीकडं मिळूनच जातात. चतुराबाईनं डबा काढला, उघडला, नाकाशी नेला.

"मच्छिंद्र, हे फादर धुवून देतात का तू धुऊन राह्यला?"

"मी."

"काहून?"

"सहज."

ती डब्यात बघत राहिली. तिथं काहीच नव्हतं, फक्त तिचं तोंड दिसत होतं. "सहज कुणी धुवत असतं का? काय लपवून राह्यला तू?"

"काही न्हाई, मावशी."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. फादर हिलरी गेले, तरी त्यांचा शुक्रवारचा नेम आमच्याकडं अजून पाळतात. त्या दिवशी शुक्रवार होता. म्हणून कडूबाच्या दुकानापुढं थांबल्यावर त्यांनी माझं नाव घेतलं नाही. नुसती हनुवटी केली, माझ्या दुकानाकडं, आणि बोलायला लागल्या.